पट्टी आखूड पडली

मी आजवर एकदाही विमानात बसलेले नाही. पण विमानानं कुठं टेकावं, किती धावावं आणि कुठं थांबावं, याबद्दल माझी मतं अगदी पक्की आहेत.

रामनगरच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. पायाखाली मशीन, गळ्यात टेप आणि समोर अस्तराच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. मोबाईलवर बाकीच्या बायका मालिका बघतात, मी जुनी जेट विमानं बघते. नवी नव्हेत! नवी विमानं मला मिळमिळीत वाटतात, आवाज नाही की धूर नाही. माझं आवडतं म्हणजे शेपटीला तीन इंजिनं असलेलं सातशे सत्तावीस. तेही ऐसपैस विमानतळावर उतरणारं नको. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, मधे चिंचोळी आखूड धावपट्टी आणि तिच्यावर ते धूड उतरतंय, असं असलं की माझे पाय मशीनवर आपोआप थांबतात. (ब्लाऊज वेळेवर का मिळत नाहीत, हे गिऱ्हाइकांना आता कळलं असेल.)

हा नाद मला का लागला, हे माझ्या नवऱ्याला अजून कळलेलं नाही. पण कुठल्याही शिंपिणीला लगेच कळेल. भरल्या अंगाची बाई हातभर कापड घेऊन येते आणि म्हणते, "लताताई, ह्यात बसवा, बाह्या जरा लांब ठेवा." ते विमान तेच करतं! पंखांच्या चुण्या उलगडतं, वेग मोडतं, टेकल्या टेकल्या इंजिनांची हवा उलटी फेकतं आणि तेवढ्याशा पट्टीत सगळं अंग बसवतं. शिवाय शेवटी थोडं कापड उरवतं. मला तर हात जोडावेसे वाटतात.

आता मूळ गोष्ट. माझी भाची रेश्मा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची मुलगी. माझं माहेर बाजारकुणंगच्या अलीकडं, जंगलातल्या एका वाडीत. रेश्मा दांडेलीला कॉलेज करून आलेली आणि पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज पहाटे बूट घालून ही पोरगी रस्त्यानं पळायची. तिच्यासाठी खानापूरकडचं एक स्थळ मीच काढलं होतं. मुलाची आई मंगलाताई माझं जुनं गिऱ्हाईक. घरी म्हशी, दुधाचा धंदा, मुलगा महेश दूध घालायला रामनगरला येणारा. रेश्मा आणि महेश माझ्याच दुकानात दोनदा भेटले होते, आणि दोन्ही वेळा मला 'चहा सांगून येते' म्हणून बाहेर उन्हात उभं राहावं लागलं होतं. लग्नानंतरही भरतीची तयारी चालू ठेव, असं त्यानं तिला आपण होऊन सांगितलं होतं. पोरगी त्या दिवसापासून हवेत होती.

मंगलाताईंची अट एकच. "लताताई, आमच्यात मंद बाई चालायची न्हाई. म्हस सुटली तर हिनं पळून धराय पायजे. पायात भिंगरी पायजे बगा."

"रेश्मा व्हय?" मी म्हटलं. "अवो, वारं हाय वारं!"

पाहुणे रविवारी येणार म्हणून मी शनिवारीच रेश्माचा ब्लाऊज घेऊन माहेरी गेले. अण्णा सामान आणायला गेला होता, वैनी भिंतींना चुना लावत होती. आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून मी विमानं रामनगरातच भरून नेते. घरापुढच्या खळ्यावर बसून रेश्माला सातशे सत्तावीस दाखवलं. ती म्हणाली, "आत्ती, पण ही पट्टी तर लांबच दिसतीया की. आखूड कशी?"

झालं! माझ्या सातशे सत्तावीसचं उतरणं सोपं समजणारं माणूस मी घरचं असलं तरी सोडत नाही. मी म्हटलं, "समज, इमान आपल्या बैलगाडीएवढं हाय. मग पट्टी केवढी झाली, तुला दावतेच." भात कापून शेत मोकळं झालेलं होतं. वैनीच्या बादलीतला चुना घेतला, गळ्यातली टेप काढली आणि खळ्याच्या खालच्या शेतात मी दोन लांब पांढऱ्या रेघा मारल्या. मधे तुटक तुटक टाकेही घातले. पट्टी जिथं संपत होती तिथं बांध, आणि बांधाच्या खाली शेणखताचा खड्डा. अगदी खऱ्यासारखं जमलं होतं! वारा कुठून येतो हे वैमानिकाला दिसावं म्हणून पट्टीच्या कडेला कापडाची पोकळ पिशवी टांगलेली असते. तीसुद्धा मी एका भगव्या परकराच्या उरलेल्या कापडातून टाचून बांबूवर चढवली. (माणसाला कुठं थांबावं हे कळत नाही, ते असं.)

पिशवीला शेवटचे टाके घालत असताना, म्हणजे तोंडात टाचण्या असताना, गणबा आज्जा बांधावर येऊन उभा राहिला. हा आमचा शेजारी. एकेकाळी पंचायतीत मेंबर होता, त्यामुळं सरकारचं सगळं आपल्याला आधी कळतं, असा त्याचा समज आहे. रेश्मा पाण्याला गेली होती.

"लता, चुना कसला गं ह्यो?"

"धावपट्टी," मी टाचण्यांतून म्हटलं.

आज्जाच्या चेहऱ्यावर ढग आले. "आँ? धाव... पट्टी? कवापासनं?"

मला वाटलं, माझ्या नादाबद्दल विचारतोय. "लई वर्सं झाली की! तुमास्नी आता कळाय लागलंय."

"आनि तुला कुटं कळलं?"

"मोबाईलवर. रामनगरात सगळं दिसतंय."

"मंजी... धावलं की लागली?"

"धावायचंच, पर मापात. जरा जास्त धावलं की मेलंच म्हणा!"

आज्जा खांद्यावरचा टॉवेल सावरत, एकेक पाऊल मोजून टाकत निघून गेला. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

आता तुम्हीच सांगा. घराला घरपट्टी. पाण्याला पाणीपट्टी. मग धावण्याला धावपट्टी नको? पंचायतीत आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार होतं? संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, की सरकारनं पळण्यावर पट्टी बसवली. कुणी शंका काढली तर आज्जाकडं पुरावे तयार होते. अण्णाच्या शेतात मोजणी झालेली, रेघा मारलेल्या आणि वर भगवं निशाण. एवढ्यानं भागलं नाही तर त्यानं जंगलाकडं बोट दाखवलं.

"झाडास्नी क्यामेरं का बांधल्यात, आता समजलं काय? म्हंत्यात वागासाटी! वाग काय पट्टी भरतोय व्हय?"



वैनीनं नळावर हे ऐकलं आणि भरती घागर तिथंच सोडून निघाली. कारण अख्ख्या वाडीत रोज नेमानं पळणारं माणूस एकच, आणि ते तिच्या पोटचं. ती घरी आली, मी रेश्माच्या ब्लाऊजला काजं करत बसले होते.

"खरं व्हय गं वन्सं? धावपट्टी आली?"

"आली म्हंजे? खालच्या शेतात आखलीया की मी."

"लई हाय काय?"

"छे गं, लई आखूड हाय. पर जपून ऱ्हायलं तर भागतंय."

वैनी "देवा" म्हणून आत गेली आणि रेश्माचे बूट तांदळाच्या कणगीत लपवले. अण्णा रात्री जेवताना माझ्याशी धड बोलला नाही. बहीण माहेरी येताना खाऊ आणते, हिनं पट्टी आणली, असं त्याच्या मनात होतं, हे मला फार नंतर कळलं.

रविवारी सकाळी वाडीत काहीतरी वेगळं आहे, हे माझ्या लक्षात आलं. पण काय, ते कळेना. पोरं शाळेच्या मैदानावर खेळत होती, पण चालत. पकडापकडी! चालत! एक जण दुसऱ्याच्या मागं संथपणे जात होता आणि दुसरा तितक्याच संथपणे निसटत होता. वरच्या रस्त्यावर बस आली, आमचा चुलतभाऊ हात दाखवत तिच्याकडं चालत गेला, बस सुटली, तो हात खाली घेऊन चालत परत आला. गणबा आज्जाच्या घरात कोंबडी शिरली, आज्जा "हाड... हाड..." करत तिच्यामागं अशा गतीनं गेला की कोंबडीच वळून वळून बघायला लागली. मला भरून आलं. पाहुणे येणार म्हणून वाडी किती शिस्तीत वागतेय! मी तसं अण्णाला बोलूनही दाखवलं. अण्णानं माझ्याकडं जे बघितलं, ते मी इथं लिहीत नाही.

रेश्मा बूट शोधून थकली होती. "आई म्हणती, आज पळायचं न्हाई, पाव्हणं यायचेत," ती फुगून म्हणाली. मला त्यातही काही वावगं वाटलं नाही.

पाहुणे आले. महेश, मंगलाताई आणि त्यांचे मालक, पांढरंशुभ्र धोतर नेसलेले. गाडी वर रस्त्यावर लावून तिघं बांधाबांधानं खाली आले. अण्णा सामोरा गेला, पण असा, की ते खळ्यावर पोचले तरी हा निम्म्या वाटेत. वैनीनं पाणी आणायला रेश्माला सांगितलं आणि वरून कानात, "हळू चाल! एक पाऊल जोरात पडाय नगं!" रेश्मा साडीत, हातात तांब्या, आईच्या धाकानं एकेक पाऊल टाकत आली. मंगलाताई तहानलेल्या होत्या. त्यांनी दोनदा हात पुढं केला आणि दोनदा मागं घेतला.

तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला. वैनी उठली, पदर सावरला आणि चुलीकडं चालत गेली. फस्सस्स असा आवाज येत होता आणि वैनी चालत होती. देवाला निघाल्यासारखी.

मंगलाताईंचे मालक माझ्याकडं वाकले. "लताताई, हितलं पानी बादतंय काय ओ पायाला?"

"न्हाई ओ!"

"मग सगळीच अशी का? सांधं धरल्यात काय?"

मी रेश्माकडं पाहिलं. तिचं सगळं लक्ष मंगलाताईंच्या तोंडाकडं होतं, आणि मंगलाताईंचं लक्ष रेश्माच्या पायांकडं. पोह्यांची बशी द्यायला रेश्मा उठली तर वैनीनं तिचा पदर मागून धरला. पोरगी बिचारी बैलाला लोढणं अडकवल्यासारखी गेली. महेश गोंधळून माझ्याकडं बघत होता. दुकानात भेटलेली ती तरतरीत मुलगी हीच का, असं त्याला वाटत असणार. 

पोहे संपले. मंगलाताईंनी बशी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि तो शब्द उच्चारला.

"कळवतो."

ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी आहे त्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. रेश्मा आत वळली. तिनं डोळ्याला पदर लावलेला मी पाहिला, आणि मला खरंच रडू यायच्या बेतात होतं. या पोरीच्या स्थळासाठी मी किती ब्लाऊज फुकट दुरुस्त करून दिले होते! आणि ते जाऊ दे, पोरीला मुलगा आवडला होता. ती परत कधी कुणाशी अशी हसून बोलेल, देव जाणे.

पाहुणे निघाले. मंगलाताई आणि महेश खळ्यावर चपला घालत होते. मालक आपले चुन्याच्या रेघांमधून, छान वाट आखलीय असं समजून, शेतातून पुढं निघाले. आणि त्याच वेळी वाऱ्याची झुळूक आली.

माझी पिशवी फुगली! फडफडली! बांबूवर सरळ आडवी झाली! जातिवंत विमानतळावर होते तशी! अभिमानानं माझी छाती फुगली, आणि कडेला बांधलेला अण्णाचा खोंड बुजला. त्यानं एक उडी मारली, दाव्यासकट खुंटा उपटला आणि थेट पट्टीवर उतरला. पुढं मालक, मागं खोंड.

मालकांनी मागं वळून बघितलं, धोतराचा सोगा हातात धरला आणि सुटले. आणि अख्खी वाडी बांधावर उभी राहून ओरडायला लागली...

"पळू नगासा पाव्हणं! पळू नगासा!"

"चालत या! सावकाश!"

"आरं ये, मारतंय न्हवं ते!" मालक ओरडले.

"मारूंदे ओ, पर पळू नगासा!" गणबा आज्जा दोन्ही हात वर करून ओरडत होता. "पाव्हण्याची पट्टी यजमानाला बसती!"

अण्णा खोंडाच्या मागं निघाला होता. चालत. त्याला खोंडही वाचवायचा होता, व्याहीही, आणि पट्टीही. तोंडावर घाम, डोळ्यांत प्राण आणि पाय देवळाला प्रदक्षिणा घालताना पडतात तसे.

तेव्हा घरातून रेश्मा बाहेर आली. तिनं एकदा बघितलं. वैनी "रेश्मे, नगं! घर जाईल आपलं!" म्हणून किंचाळली, तोवर पोरीनं साडी गुडघ्यावर खोचली होती. मग ती जी सुटली! खळ्यावरून खाली उडी, चुन्याच्या रेघेवर पहिलं पाऊल, आणि मग पाय दिसेचनात. अण्णाला मागं टाकलं, खोंडाला गाठलं, फरफटणारं दावं पकडलं, टाच रोवली, सगळं अंग मागं टाकलं आणि पट्टीच्या शेवटच्या टाक्याशी खोंडासकट उभी राहिली. पुढं बांधापर्यंत हातभर पट्टी शिल्लक. मालक बांधावर धापा टाकत उभे, आणि धोतर जागच्या जागी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सुरेख थांबणं मी मोबाईलवरसुद्धा पाहिलं नव्हतं!

पण मी हे उभी राहून बघत होते असं नाही. मीही पळत होते. भाचीच्या मागोमाग, "शाब्बास! आता उलटा जोर! उलटा जोर लाव!" असं ओरडत, गळ्यातली टेप वाऱ्यावर सोडून मी पट्टीच्या मधोमध येत होते. वेग चांगला होता. वजन त्याहून चांगलं होतं. रेश्माच्या बाजूनं मी पुढं गेले, मालकांच्या बाजूनं पुढं गेले. बांध आला तेव्हा मला आठवलं की आपल्याला उलटा जोर नाही.

शेणखत मऊ होतं, एवढं मात्र मी कबूल करते.

मी कमरेपर्यंत खड्ड्यात. वर चारी बाजूंनी सगळी वाडी यायला लागलेली, पाहुण्यांसकट. कुणी हात देईना, कारण खड्ड्यापर्यंत अजून सगळे चालतच येत होते. शेवटी मंगलाताई वाकल्या.

"लताताई, ही रेघ कसली ओ?"

"धावपट्टी," मी खालून म्हटलं.

"ऐकलासा?" आज्जा वाडीकडं वळला. "तिच्याच तोंडानं!"

"आनि आज किती झाली गं वन्सं?" वैनी रडकुंडीला येऊन म्हणाली. "आमची, तुजी आनि पाव्हण्यांची धरून?"

तेव्हा, शेणात उभी असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरांची पकडापकडी, चुलतभावाची बस, उतू गेलेलं दूध, सगळं एका ओळीत उभं राहिलं.

"आगं, पट्टी मंजी भराय लागती ती न्हाई!" मी ओरडले. "इमान उतरायची पट्टी! इमान!"

मग आज्जानं टॉवेल खांद्यावरून काढला, वर आभाळाकडं बघितलं, खाली शेताकडं बघितलं आणि विचारलं, "हितं?"

पहिल्यांदा हसले ते मालक. बांधावर बसून, पोट धरून. मग महेश, मग रेश्मा, आणि मग वाडीतली पोरं जी सुटली ती चुन्याच्या रेघांवरून पळतच सुटली, दिवसभराचं उरलेलं पळणं एकदम काढून. वैनी एकटी हसत नव्हती. ती कणगीकडं पळाली होती, बूट काढायला.

मंगलाताईंनी रेश्माच्या हातातलं दावं घेऊन महेशच्या हातात दिलं आणि तिच्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं पुसला. "कळवतो म्हंटलोय ते ऱ्हाऊंदे," त्या अण्णाला म्हणाल्या. "आताच सांगतो. पोरगी आमची. भरती हून दे, पोलीस हून दे, कायबी हून दे. आमच्या म्हशी धरून मग चोर धरंल." अण्णा पळत घरात गेला आणि पळत साखर घेऊन आला. मला खड्ड्यातून काढायचं तेवढं सगळ्यांच्या लक्षातून गेलं होतं. साखर मात्र खाली पोचवली.

लग्न झालं, रेश्मा सुखात आहे आणि सासरच्या बांधावरून रोज पहाटे पळते. मी अजूनही विमानं बघते, पण ओरडत नाही. आणि माहेरी गेले की वरच्या रस्त्यावरून मी बांधाच्या वाटेला लागायचा अवकाश, गणबा आज्जा आपल्या ओट्यावरून आधी माझ्या कमरेचं माप घेतो, मग शेताची लांबी बघतो आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडतो, "बाजू व्हा रे पोरांनो, लता उतराय लागली! आनि कोण तरी आदी खड्ड्यात गवात टाका!"